परदेशी नोंदणीत अनुभवाचे काय होते: ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नऊ वर्षांपासून काम करीत आहेत. त्यांचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून नंतर त्यांनी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीची पदविका, केली. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी मिळविण्यासाठी आधी काय करावे, एवढ्या अनुभवानंतरही पुन्हा परीक्षा का द्यावी लागते, एका एजंटाने साडेचार लाख रुपये मागितले आहेत ते द्यावेत का, आणि सहा वर्षांच्या मुलीला बरोबर नेता येईल का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर नीट उमगले तर बाकीची तयारी निराळ्या रीतीने होते. इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात परदेशातून आलेल्या परिचारिकांची नोंदणी परीक्षेची तयारी करून घेणे हे माझे काम आहे. या कामात मला सतत दिसणारी गोष्ट अशी की, अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकाच अनेकदा पहिल्या प्रयत्नात अडखळतात, आणि नुकतीच पदवी घेतलेली मुलगी मात्र पार होते. त्यांना विषय येत नाही, असे अजिबात नसते. काम इतके अंगवळणी पडलेले असते की त्यातली प्रत्येक पायरी बोलून आणि लिहून दाखवावी लागेल, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. मिरजेत तुमच्या इंचार्ज सिस्टरने तुम्हाला रात्रीच्या ड्युटीत, गर्दीत, अडचणीत काम करताना पाहिले आहे. तुमच्या हातावर तिचा विश्वास आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी देणारी संस्था तुम्हाला कधीच अशी पाहणार नाही. तिला एवढेच जाणून घ्यायचे आहे की अनोळखी रुग्णाजवळ, अनोळखी वॉर्डात तुमच्याकडून अपाय होणार नाही, आणि ते एका तिऱ्हाईत परीक्षकाला ठरलेल्या वेळात दिसले पाहिजे. तुमच्या नऊ वर्षांना तिथे गुण नाहीत. त्या वर्षांत तुम्ही जे शिकलात ते समोरच्याला दिसेल अशा रीतीने मांडण्याला गुण आहेत. हा नियम कठोर आहे, पण मला तो अन्यायाचा वाटत नाही.

ही संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजेच एनएमसी. भारतात याच आद्याक्षरांनी वैद्यकीय आयोग ओळखला जातो, त्यामुळे माहिती शोधताना गल्लत होऊ देऊ नका. ब्रिटनची एनएमसी २००२ पासून काम करते आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड या चारही भागांसाठी तिची नोंदवही एकच आहे. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाले की नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी मिळते. ब्रिटनमध्ये मात्र या दोन स्वतंत्र व्यवसायांच्या स्वतंत्र नोंदी आहेत, आणि नर्सिंगमध्येही प्रौढ, मानसिक आरोग्य, बालरुग्ण आणि अध्ययन अक्षमता अशी चार क्षेत्रे आहेत. तुमचे शिक्षण आणि अनुभव पाहता तुम्ही प्रौढ रुग्णांच्या परिचर्येसाठी अर्ज करावा. प्रसूती विभागात काम केले असले तरी त्या अनुभवावर तिथे मिडवाइफ म्हणून काम करता येत नाही. जीएनएम पदविका अर्जाला चालते, एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम, चालत नाही. तुमच्या ओळखीत एएनएम झालेल्या कोणाला एजंट आश्वासने देत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

आता पहिला प्रश्न, क्रमाचा. बहुतेक जणी इंग्रजीच्या क्लासपासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा आहे की त्याच आठवड्यात सगळी कागदपत्रे टेबलावर मांडून फक्त नाव तपासावे. महाराष्ट्रातल्या परिचारिकांचे अर्ज जितके नावापायी अडतात, तितके दुसऱ्या कोणत्याही कारणाने अडलेले मी पाहिलेले नाहीत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. जीएनएमच्या प्रमाणपत्रावर तेच माहेरचे नाव. लग्नानंतर आधार आणि पॅनवर सासरचे आडनाव व मधले नाव म्हणून पतीचे नाव. पासपोर्टवर कधी मधले नाव पूर्ण, कधी गाळलेले. काही घरांत तर लग्नात मुलीचे स्वतःचे नावही बदललेले असते. आपल्याकडे यात कोणालाच नवल वाटत नाही, पण परदेशातल्या अर्ज तपासणाऱ्या माणसाला ही तीन वेगळ्या स्त्रियांची कागदपत्रे दिसतात. त्याच्या दृष्टीने त्याचा संशय रास्तच आहे.

यावर उपाय असा की पासपोर्टवरचे नाव हे प्रमाण मानावे आणि बाकीचे कागद त्याच्याशी जोडून घ्यावेत. विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक वेळा पुरतो. स्वतःचे नाव बदललेले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत ठेवावी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचेच नाव असेल तर ते आधी तिथे बदलून घ्यावे, कारण तुमची नोंदणी वैध आहे आणि तुमच्याविरुद्ध कारवाई चालू नाही, हे त्या कौन्सिलने एनएमसीला थेट कळवावे लागते. तुम्ही स्वतः पाठविलेली झेरॉक्स त्यासाठी ग्राह्य धरली जात नाही. कौन्सिलचे कार्यालय मुंबईत आहे. तिथला अर्ज करण्याआधी नूतनीकरण झालेले आहे ना, हेही पाहा. नूतनीकरण राहिले असेल तर पुढचे सगळे तिथेच थांबते. तुम्ही महाराष्ट्रात शिकलात म्हणून तुमचे काम सोपे आहे. सांगली-कोल्हापूर भागातल्या ज्या मुली कर्नाटकात शिकल्या आणि नंतर इकडे आल्या, त्यांना दोन्ही राज्यांच्या कौन्सिलांकडे पाठपुरावा करावा लागू शकतो, आणि त्यांनी तेवढा अवधी हाताशी ठेवावा. पोलीस क्लिअरन्सचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, पण तो ताजा लागतो, म्हणून तो घाईने काढून ठेवू नका.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस ॲकॅडेमिक आणि ओईटी या दोन परीक्षांपैकी एक निवडायची आहे. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. लेखनाची ही सवलत डिसेंबर २०१८ पासून आहे, त्याआधी तिथेही ७ लागत. ओईटीमध्ये पहिल्या तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस श्रेणी लागते. एका बैठकीत सगळे जमले नाही तर दोन बैठकींचे गुण एकत्र करता येतात. फेब्रुवारी २०२३ पासून त्या दोन बैठकींमध्ये १२ महिन्यांपर्यंत अंतर चालते, मात्र कोणत्याही बैठकीत आयईएलटीएसचे लेखन ६ च्या आणि बाकीचे भाग ६.५ च्या खाली गेलेले चालत नाहीत. जीएनएमची परीक्षा तुम्ही इंग्रजीतून दिली असली तरी केवळ तेवढ्यावर भाषेची अट पूर्ण होत नाही, कारण वॉर्डात तुमचे रुग्णांशी बोलणे मराठीतून होत आले आहे.

तुम्हाला मी ओईटी सुचवीन. आयईएलटीएसच्या लेखनात आलेखाचे वर्णन आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावर निबंध लिहावा लागतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या परिचारिका बहुधा तिथेच अर्ध्या गुणाने मागे राहतात. ओईटीच्या लेखनात रुग्णाच्या टिपणांवरून दुसऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला पत्र लिहायचे असते, आणि संभाषणात तुम्ही परिचारिका व समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक असे प्रसंग असतात. हे जग तुमच्या ओळखीचे आहे. शिवाय टिपणांतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ही त्या पत्रातली मुख्य कसोटी पुढे वॉर्डात रोज लागते. ओईटीची फी जास्त आहे, हे खरे. तरीही आयईएलटीएस तीनदा देण्यापेक्षा ती परवडते. तयारी करताना पाठ केलेल्या वाक्यांचे साचे विकणाऱ्या क्लासपासून दूर राहा. रोजच्या हँडओव्हरनंतर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवल्यावर, घरी येऊन एका रुग्णाची हकीकत, नाव-गाव वगळून, दहा ओळींत इंग्रजीत लिहिण्याची सवय सहा महिने ठेवली तर तिचा उपयोग कोणत्याही साच्यापेक्षा अधिक होतो.

त्यानंतर सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. ही भारतातच पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर देता येते. पहिल्या भागात औषधांच्या मात्रांच्या हिशोबाचे १५ प्रश्न ३० मिनिटांत सोडवायचे असतात. दुसऱ्या भागात अडीच तासांत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात. हिशोब तुम्हाला अवघड जाणार नाही. एक लिटर सलाइन आठ तासांत, वीस थेंबांच्या सेटवर, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब, हे तुम्ही झोपेतही सांगाल. दुसऱ्या भागात मात्र उत्तर ब्रिटनच्या पद्धतीनुसार द्यावे लागते. रुग्ण शुद्धीत आहे आणि उपचार नाकारतो आहे, अशा वेळी मुलाला बोलावून त्याची सही घेणे हे आपल्याकडचे रोजचे उत्तर तिथे चूक आहे. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ माणूस स्वतःचा निर्णय घेण्यास सक्षम आहे असेच धरून चालावे लागते, आणि त्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही म्हणून तो अक्षम ठरत नाही. एनएमसीची आचारसंहिता, जिला तिथे नुसते ‘द कोड’ म्हणतात, ती छोटी आहे आणि विनामूल्य मिळते. तिची चार सूत्रे आहेत: माणसाला प्राधान्य, परिणामकारक काम, सुरक्षितता आणि व्यवसायावरचा विश्वास. ही चार सूत्रे मनात ठेवून प्रत्येक प्रश्न वाचला तर अर्धे पर्याय आपोआप गळतात.

आता पैशांचा आणि एजंटाचा प्रश्न. साडेचार लाख देऊ नका. एवढे ठामपणे सांगण्याचे कारण असे की हा व्यवहार दोन्ही देशांच्या नियमांत बसत नाही. भारतात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. ब्रिटनच्या बाजूने पाहिले तर आंतरराष्ट्रीय भरतीची सरकारी आचारसंहिता अशी आहे की नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेऊच नये. ते मालकाने द्यावे. ही संहिता पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) एम्प्लॉयर्स ही संस्था प्रसिद्ध करते. तुमच्या एजंटाचे नाव त्या यादीत पाहा आणि भारतातला त्याचा परवाना क्रमांक मागा. दोन्हींपैकी एकही मिळत नसेल तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

नोंदणीचा प्रत्यक्ष खर्च किती येतो हे कळले की एजंटाच्या आकड्याचे खरे रूप दिसते. गेली काही वर्षे एनएमसीचे दर असे आहेत: शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी १४० पौंड, सीबीटीसाठी ८३, ऑस्की या ब्रिटनमधल्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी ७९४ आणि शेवटी नोंदवहीत नाव घालण्यासाठी १५३, म्हणजे एकूण १,१७० पौंड. पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर संकेतस्थळावर पाहून घ्यावा. यांतला ऑस्कीचा मोठा खर्च आणि बऱ्याचदा सीबीटी, व्हिसा व विमानभाडेही अनेक सरकारी रुग्णालये स्वतः करतात किंवा नंतर परत देतात. त्याच्या बदल्यात ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत द्यावे लागतील, असे कलम करारात असते. ते असण्यात गैर नाही, पण रक्कम नेमकी किती, ती महिन्यागणिक कमी होते का, आणि आजारपणात किंवा छळ झाल्यास सूट आहे का, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. खासगी नर्सिंग होमच्या करारात ही कलमे फार बारकाईने वाचा.

याच ओघात एक इशारा देणे आवश्यक वाटते. “आधी केअर वर्कर (वृद्ध-आजारी लोकांची देखभाल करणारी सहायक) म्हणून जा, मग तिथे राहून नर्सची नोंदणी करा,” असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जात होता, आणि काही एजंट अजूनही तो देतात. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने केअर वर्करच्या जागांसाठी परदेशातून नवी भरती बंद केली आहे. त्या नावाखाली आज पैसे मागणारा माणूस अस्तित्वात नसलेली गोष्ट विकत आहे. परिचारिकांच्या भरतीलाही ओहोटी लागली आहे. एनएमसीच्या नोंदवहीत परदेशातून नव्याने आलेल्यांची संख्या २०२४-२५ मध्ये आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटली. त्यामुळे इंग्रजी आणि सीबीटी पार झाली की लगेच नोकरी, ही २०२२ मधली स्थिती आता धरून चालू नका. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस अशा विभागांचा अनुभव मुलाखतीत आजही उपयोगी पडतो, आणि म्हणून तुमची नऊ वर्षे इथे खऱ्या अर्थाने कामाला येतील. हातातली नोकरी मात्र व्हिसासाठी मालकाकडून मिळणारे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र आणि व्हिसा मिळेपर्यंत सोडू नका.

ऑस्की ही शेवटची परीक्षा ब्रिटनमध्येच द्यावी लागते. बहुतेक जणी नोकरीवर रुजू होऊन ती देतात. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पहिला प्रयत्न आणि आठ महिन्यांच्या आत नोंदणी, अशी व्हिसाची अट असते. नॉर्थम्प्टन, ऑक्सफर्ड ब्रुक्स, अल्स्टर, नॉर्थम्ब्रिया आणि लीड्स येथे केंद्रे आहेत. परीक्षेत दहा स्थानके, म्हणजे एकेक करून द्यायचे टप्पे, असतात. त्यांतली चार एकाच रुग्णाभोवती गुंफलेली असतात: त्याची तपासणी, काळजीचे नियोजन, औषधे देणे, आणि शेवटी पुढच्या टीमला हँडओव्हर. चार स्थानकांवर प्रात्यक्षिक कौशल्ये असतात, आणि उरलेली दोन लेखी असतात, एक व्यावसायिक मूल्यांवर आणि एक संशोधनाच्या आधारे सल्ला देण्यावर.

तपासणीच्या स्थानकावर काय होते ते उदाहरणाने सांगते, कारण अनुभवी परिचारिका इथेच गुण घालवतात. समजा, रुग्णाचा श्वसनाचा वेग २२, ऑक्सिजन चालू असताना रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता ९४ टक्के, वरचा रक्तदाब १०५, नाडी ११२, तापमान ३८.४ अंश सेल्सिअस, आणि तो पूर्ण शुद्धीत आहे. तुम्ही एका नजरेत ओळखाल की हा माणूस बिघडतो आहे आणि डॉक्टरांना फोन कराल. वॉर्डात ते अगदी बरोबर आहे. परीक्षेत मात्र परीक्षकाला तुमच्या मनातले दिसत नाही. ब्रिटनच्या बहुतेक रुग्णालयांत रुग्ण किती बिघडला आहे हे मोजणारी न्यूज-२ नावाची गुणांकन पद्धत वापरतात, जी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिली. तिच्यानुसार श्वसनाचे २, संपृक्ततेचा १, ऑक्सिजन चालू असल्याचे २, रक्तदाबाचा १, नाडीचे २ आणि तापमानाचा १, असे एकूण ९ गुण होतात. पाच गुणांना तातडीचा आढावा आणि सात किंवा अधिक गुणांना आणीबाणीचा प्रतिसाद, असा नियम आहे. तुम्ही मोजमापे घेतली, तक्त्यावर नोंदली, बेरीज केली, तिचा अर्थ मोठ्याने सांगितला, आणि कोणाला, किती तातडीने बोलावणार हेही सांगितले, तरच ते काम झाले असे धरतात. हात धुण्यापासून रुग्णाला स्वतःचे नाव सांगून परवानगी विचारण्यापर्यंत सगळे असेच आहे. सुरुवातीला हे नाटकी वाटते. पण मध्यरात्री, दोन वॉर्डांतून आलेल्या बदली कर्मचाऱ्यांसमोर रुग्ण कोसळतो तेव्हा हीच उघड बोलण्याची सवय त्याला वाचवते. हे मी पाहिले आहे, म्हणून मी ती मनापासून शिकवते.

औषधांच्या स्थानकासाठी दोन सवयी मोडाव्या लागतील. पहिली सवय ब्रँडच्या नावांची. “एमसेट द्या, पॅन द्या, लॅसिक्स द्या,” या बोलीवर आपला सगळा वॉर्ड चालतो. तिथे तक्त्यावर ऑन्डान्सेट्रॉन, पॅन्टोप्रॅझोल, फ्युरोसेमाइड अशीच मूळ नावे असतात. आजपासूनच मनाशी मूळ नावे म्हणायला लागा. दुसरी सवय अधिक खोल आहे. डॉक्टरांनी लिहिले म्हणजे द्यायचे, आणि शंका आली तरी फार विचारायचे नाही, हे आपल्यापैकी अनेकींच्या अंगात भिनलेले असते. परीक्षेच्या तक्त्यावर एका कोपऱ्यात पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असू शकते आणि आत पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम लिहून दिलेले असू शकते. ते औषध थांबवणे, का थांबवले हे तक्त्यावर लिहिणे, रुग्णाला समजावणे आणि लिहून देणाऱ्याला कळवणे, हे तुमचे कर्तव्य आहे. औषध दिले तर बाकी सगळे उत्तम असूनही ते स्थानक हातचे जाते. रुग्णाची ओळख मनगटपट्टीवरून न पडताळणे हीसुद्धा त्याच तोलाची चूक आहे. रोज भेटणाऱ्या रुग्णाला रोज नाव आणि जन्मतारीख विचारणे आपल्याकडे विचित्र दिसेल, तरी मिरजेतच त्याचा सराव सुरू करा.

मूल्यांच्या स्थानकावर बहुधा असा प्रसंग असतो की एखाद्या सहकाऱ्याकडून चूक झाली आहे, किंवा कोणी रुग्णाविषयी उघड्यावर बोलते आहे. सांभाळून घेणे, हा आपला पहिला कल असतो, आणि त्यामागे माणुसकीच असते. ब्रिटनमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची जी हेळसांड झाली तिचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला, आणि कर्मचाऱ्यांनी गप्प राहण्याची केवढी किंमत रुग्णांनी मोजली हे त्यातून सगळ्या देशापुढे आले. त्यानंतर चूक झाली की रुग्णाला स्वतःहून सांगणे, माफी मागणे आणि ती नोंदवणे हे परिचारिकेचे व्यावसायिक कर्तव्य म्हणून अधिक स्पष्टपणे मांडले गेले. ही पार्श्वभूमी माहीत असली की उत्तर पाठ करावे लागत नाही.

कौशल्यांची स्थानके तुम्हाला जड जाणार नाहीत. निर्जंतुक ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटर काढणे, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन असे विषय येतात. गुणदानाचे निकष केंद्रांच्या संकेतस्थळांवर खुले असतात, आणि सराव त्यांवरूनच करावा. विकत मिळणाऱ्या व्हिडिओंवरून करू नये. नापास झालात तर फक्त राहिलेली स्थानके पुन्हा द्यावी लागतात, आणि ती सात किंवा त्याहून कमी असतील तर फी निम्मी लागते. एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात. तिसराही गेला तर सहा महिने थांबून नवा अर्ज करता येतो, पण तोवर व्हिसाची मुदत आड येऊ शकते. म्हणून दुसरा प्रयत्न घाईने न देता, कोणते निकष हुकले ते कळवणाऱ्या अहवालावर आपल्या प्रशिक्षिकेबरोबर बसून मगच द्यावा.

पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत सरकारी रुग्णालयात तुम्ही तिसऱ्या किंवा चौथ्या बँडवर (वेतनश्रेणीवर) सहायक म्हणून काम करता, आणि पिन आल्यावर पाचव्या बँडवर जाता. या मधल्या महिन्यांत औषधे देता येत नाहीत आणि रुग्णांना अंघोळ घालणे, भरवणे, शौचाला नेणे ही कामे तुमच्या वाट्याला येतात. आपल्याकडे ती बहुतेक नातेवाईक किंवा मावशी करतात, त्यामुळे अतिदक्षता विभागातून आलेल्या परिचारिकेला हा आपला अवमान वाटतो. तसे मानू नका. तिथे पिन मिळाल्यावरही ही कामे परिचारिकेचीच राहतात. उलट शिरेत कॅन्युला घालणे किंवा रक्त काढणे, जे तुम्ही रोज करता, त्यासाठी तिथे स्थानिक प्रशिक्षण आणि सही मिळाल्याशिवाय हात लावता येत नाही.

मुलीविषयी. हेल्थ अँड केअर व्हिसावर केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही, पण नोंदणीकृत परिचारिकेच्या जागेवर येणाऱ्यांना ती बंदी लागू नाही, म्हणून पती आणि मुलगी तुमच्याबरोबर येऊ शकतात. या व्हिसावर सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार भरावा लागत नाही, कुटुंबालाही नाही. भारतातून जाणाऱ्या प्रत्येकाला मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचा दाखला मात्र लागतो. माझे मत विचाराल तर पहिले काही महिने तुम्ही एकट्याने यावे. रुग्णालय सुरुवातीला देते ती खोली बहुधा एकटीपुरती असते, पगार खालच्या बँडचा असतो, आणि ऑस्कीचा अभ्यास बारा तासांच्या पाळीनंतर करायचा असतो. पिन आल्यावर भाड्याचे घर पाहा आणि त्या भागातल्या शाळेत जागा आहे का, हे तिथल्या नगरपरिषदेकडे विचारा. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. तुमची ऑस्की वसंतात झाली तर मुलीला उन्हाळ्यात आणून सप्टेंबरात वर्गात बसवणे जमते. तोवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवण्याची जबाबदारी घरच्या कोणावर तरी सोपवून या. पुढे आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियाचा विचार झाला, अथवा मिरजेला परतावेसे वाटले, तर तीच नोंदणी पुन्हा मागितली जाईल.